सामरी परत का येतो? एका स्वस्त सिक्वेलची बाजू

(कळंबोली येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांचा थोडा भाग दिला आहे.)

आजचा विषय फलकावर लिहिताना आयोजकांची जरा पंचाईत झाली असणार. या मालेत ज्ञानेश्वरी होते, अर्थसंकल्प होतो, मधुमेह होतो. आणि आज ‘थ्री-डी सामरी’. १९८५ सालचा, रामसे बंधूंचा, ‘पुराना मंदिर’च्या यशावर घाईघाईने काढलेला दुसरा भाग. इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी तो पाहिलाय, हात वर करा बरं. हां, आठ-दहा. आणि पाहिलाय पण हात वर करत नाही, असे किती? हसताय म्हणजे बरेच आहात.

तुमचं हे हसू म्हणजेच आजचा विषय. इंग्रजीत याला ‘गिल्टी प्लेझर’ म्हणतात. आपण चोरटं सुख म्हणू. मजा येते, पण कबूल करायला लाज वाटते. मला विचारायचंय की ही लाज नेमकी कसली? सिनेमा स्वस्त आहे याची, की दुसऱ्याच कशाची? माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकते. लाज वाटावी असं या सिनेमांत काहीतरी आहे, पण आपण ती चुकीच्या जागी ठेवतो. आणि गंमत म्हणजे ती योग्य जागी कुठे असायला हवी, हे पहिल्या, बऱ्या सिनेमापेक्षा दुसरा, फसलेला सिनेमा जास्त चांगलं दाखवतो.

आधी रामसे कोण ते थोडक्यात. फतेहचंद रामसिंघानी हे कराचीचे, तिथे त्यांचं रेडिओचं दुकान. गोऱ्या गिऱ्हाइकांना रामसिंघानी म्हणता येईना, म्हणून झाले रामसे. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं आणि सिनेमाच्या धंद्यात पडलं. १९७० साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरीला निघतात असा एक प्रसंग होता, आणि थिएटरात तेवढ्या प्रसंगाला लोक दाद देत होते. तुलसी आणि श्याम या मुलांनी हे हेरलं आणि वडिलांना सांगितलं की उरलेलं सगळं सोडा, आपण फक्त हेच करू. यातून १९७२ चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ निघाला. चाळीस दिवसांत आणि साडेतीन लाखांत झाला, असं रामसे मंडळी सांगायची. भाऊ सात. एक लिहिणार, एक कॅमेऱ्यावर, एक आवाजाला, एक संकलनाला, दोघं दिग्दर्शनाला. घरचं शेत असतं ना आपल्याकडे, पेरणीला सगळं घर रानात, तसा हा घरचा सिनेमा.

आणि या घराचं आपल्या परिसराशी नातं आहे. ओसाड हवेली लागली की रामसे मुंबईबाहेर पडत. मुरुडच्या नवाबाचा राजवाडा ही त्यांच्या चित्रीकरणाची एक जागा. आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबईहून मुरुडला रस्त्याने जायचं तर तेव्हा वाशीची खाडी ओलांडून, कळंबोली-पनवेलवरून पेण, अलिबाग, रेवदंडा करत जावं लागायचं. म्हणजे पडद्यावरचा तो दूरचा, कुठल्यातरी ठाकुराचा अनाम मुलूख खरा आपलाच रायगड जिल्हा आहे. पडद्यावर ठाकूर, आणि मागे नारळी-पोफळी. नीट बघितलंत तर कोकण ओळखू येतं.

आता ‘पुराना मंदिर’. साल १९८४. गोष्ट अशी की सामरी नावाचा एक सैतान आहे. नव्या नवऱ्या, लहान मुलं ही त्याची भक्ष्यं, प्रेतंही तो सोडत नाही. राजा हरिमान सिंह त्याला पकडतो, दरबार भरवतो आणि शिक्षा देतो: मुंडकं वेगळं, धड वेगळं. मुंडकं एकीकडे आणि धड जुन्या देवळापाशी ठेवायचं, दोन्ही एकत्र येता कामा नयेत. मरताना सामरी शाप देतो की तुझ्या वंशातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. पुढे मुंडकं आणि धड एकत्र येतं, आणि मग काय होतं ते सांगायला नको.

हा सिनेमा चांगला आहे. ‘वाईट असूनही चांगला’ असं मी म्हणत नाही, सरळ चांगला म्हणते. रचना पक्की आहे. मुंडकं आणि धड यांच्यातलं अंतर हेच त्याचं सगळं यंत्र. अंतर कमी होत जातं तशी भीती वाढते. पैसे नव्हते, पण वारा होता, धूर होता, लाल-निळे दिवे होते, आणि त्या मर्यादेत हवेली जिवंत होते. मध्येच जगदीप ‘शोले’ची नक्कल करतात, तो भाग लांबतो, कंटाळा येतो. पण त्यालाही व्यवहाराचं कारण आहे. सतत भीती झेपत नाही. जत्रेतल्या तंबूत मुलांना घेऊन बसलेल्या माणसाला मध्ये श्वास घ्यायला जागा लागते. तमाशात वगाच्या आधी गवळण लागते, तसंच.

या सिनेमात सदाशिव अमरापूरकर आहेत. जरा सालं लावून बघा. १९८३ चा ‘अर्धसत्य’, दिग्दर्शक गोविंद निहलानी, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची. त्यातला रामा शेट्टी करून अमरापूरकरांना फिल्मफेअर मिळालं. आणि पुढच्याच वर्षी ‘पुराना मंदिर’. नट तोच, आवाज तोच, डोळे तेच. ‘अर्धसत्य’ पाहिला हे आपण चारचौघांत सांगतो आणि ‘पुराना मंदिर’ पाहिला हे लपवतो. मग आपल्याला लाज वाटते ती नटाच्या कामाची नाही. लाज वाटते ती आपण कुणाशेजारी बसून पाहिला याची.

हे स्पष्ट बोलू. रामसेंचे सिनेमे मोठ्या शहरांतल्या मोठ्या थिएटरांच्या भरवशावर नव्हते. ते चालायचे निमशहरांत, तालुक्याच्या गावी, तंबूत, नंतर व्हिडिओवर. एका रात्रीसाठी भाड्याने व्हीसीआर आणायचा आणि तीन कॅसेटी, त्यातली मधली रामसेंची. बघणारे कोण? गिरणीतले, गोदीतले, गॅरेजमधले, ट्रकवरचे. आपल्या इथल्या लोखंड बाजारात माल उतरवणारा माणूस हा या सिनेमाचा खरा प्रेक्षक. नंतर शिकल्या-सवरल्या लोकांनी हे सिनेमे पुन्हा शोधून काढले, ‘किती वाईट, म्हणून किती मजा’ म्हणत. मला ही दाद आवडत नाही. ज्याने तो घाबरण्यासाठी पाहिला तो प्रेक्षक या दादेत मूर्ख ठरतो. तो मूर्ख नव्हता. पैसे टाकून भीती विकत घेत होता, आणि भीती खरी मिळत होती.

आता दुसरा भाग. पहिला धो-धो चालला. त्याच सुमारास, म्हणजे ऑगस्ट १९८४ मध्ये केरळच्या नवोदयचा ‘माय डिअर कुट्टिचातन’ आला, भारतातला पहिला थ्री-डी. पाठोपाठ हिंदीत थ्री-डीची लाट आली, १९८५ चा ‘शिवा का इन्साफ’ त्यातलाच. रामसेंनी दोन दोन चार केले. आपल्याकडे सामरी आहे, बाजारात चष्मे आहेत, करा एकत्र. असा झाला ‘थ्री-डी सामरी’. शीर्षकात आधी तंत्र आणि मग भूत, यावरूनच कळतं कुणाला किती किंमत होती.

पण अडचण होती. पहिल्या भागात सामरीचा निकाल लागलेला. मग सिक्वेल काढायचा कसा? ही अडचण जगभरच्या पिशाच्चपटांची. इंग्लंडच्या हॅमर कंपनीने १९५८ साली क्रिस्टोफर ली यांना घेऊन ड्रॅक्युला काढला आणि शेवटी त्याची राख केली. मग १९६० साली काढलेल्या पुढच्या भागाच्या नावात ड्रॅक्युला ठेवला, पण सिनेमात तो नाहीच. १९६६ साली ली परत आले, पण अख्ख्या सिनेमात एक वाक्य बोलत नाहीत. नाव विकायचं, चेहरा विकायचा, गोष्टीचं पुढे बघू, हा सिक्वेलचा धर्मच आहे.

रामसेंनी सोपी वाट काढली. पहिली गोष्ट सरळ सोडून दिली. नाव ठेवलं सामरी आणि चेहरा ठेवला तोच. बाकी सगळं नवं. इथला सामरी हा तंत्रविद्या जाणणारा, पैसेवाला म्हातारा. त्याच्या संपत्तीवर डोळा ठेवून लोभी माणसं त्याला मारतात. मेलेला सामरी उठतो आणि एकेकाला गाठतो. घरातली तरुण मुलगी आहे, तिच्या वाट्याला तो वाईट नाही. खलनायक म्हणजे जिवंत माणसं. समोर प्रेम चोप्रा असले की आपल्याला कुणाच्या बाजूने बसायचं ते सांगावं लागत नाही!

सिनेमा म्हणून हा कमी आहे, त्याबद्दल वाद नको. पहिल्याचं ते मुंडकं-धडाचं यंत्र इथे नाही, त्यामुळे गोष्ट एक खून, दुसरा खून अशी माळेसारखी ओवली जाते. थ्री-डीने आणखी घात केला. थ्री-डीचा चष्मा म्हणजे एका डोळ्याला एक चित्र, दुसऱ्याला दुसरं. त्यासाठी काच प्रकाश अडवते, आणि पडदा काळवंडतो. भयपट मुळातच अंधारात घडतो. अंधारावर अंधार! मग काय करायचं, तर वस्तू प्रेक्षकाच्या अंगावर टाकायच्या. हात पुढे येतात, हत्यारं पुढे येतात. आज आपल्याला तो बहुतेक सपाट प्रतीतच बघायला मिळतो. त्यामुळे माणसं विनाकारण कॅमेऱ्यात हात खुपसताना दिसतात आणि आपण हसतो. ते हसणं मला मान्य आहे.

पण या घाईत, पैशाच्या मागे पळताना, एक गोष्ट घडली. पहिल्या भागातला सैतान दुसऱ्या भागात अन्याय झालेला माणूस झाला. त्याच्या चेहऱ्याला आपण घाबरलो होतो, आता त्याच चेहऱ्याच्या बाजूने आपण आहोत. हे छोटं नाही. आपल्या भुतांकडे बघा, म्हणजे का ते कळेल.

‘व्हॅम्पायर’ला मराठीत नीट शब्द नाही. रक्तपिपासू म्हणतो, पण ते विशेषण झालं, नाव नव्हे. रिचर्ड बर्टनने १८७० साली वेताळपंचविशीच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या तेव्हा पुस्तकाचं नाव ठेवलं ‘विक्रम अँड द व्हॅम्पायर’. बिचारा वेताळ! तो राजाच्या खांद्यावर बसून गोष्टी सांगतो, कोडी घालतो, आणि राजा बोलला की परत झाडावर. रक्त प्यायला त्याला फुरसत कुठे? आणि वेंगुर्ल्याजवळ आरवलीला तर वेतोबाला आपण चपला वाहतो, रात्री गावाची राखण करायला फिरतो म्हणून.

आपल्या भुताला पत्ता असतो. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, हडळ विहिरीपाशी. आणि पत्त्याबरोबर कारण असतं. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी गेला तो मुंजा. बाळंतपणात गेलेली बाई ती हडळ. म्हणजे आपलं भूत हे बहुतेक वेळा आधी दुःख असतं आणि मग भय. त्याला विचारता येतं की बाबा, तुला काय हवंय? नारळ दे, कोंबडं दे, राहिलेली इच्छा पुरी कर. व्हॅम्पायरला हा प्रश्न विचारून उपयोग नाही, त्याला रक्तच हवं असतं. बाहेरून आलेल्या कुळाचा तो. त्याचा बंदोबस्त करायचा, त्याची समजूत काढता येत नाही.

‘पुराना मंदिर’मधला सामरी या परक्या कुळातला. तो असा का आहे, सिनेमा विचारत नाही. राजाने शिक्षा दिली, विषय संपला. १९९० च्या ‘बंद दरवाज़ा’त तर रामसेंनी सरळ ड्रॅक्युलाच आणला. काळ्या पहाडातला नेवला, तोच नट, अंगावर झगा, हुबेहूब विलायती थाट. पण मधला, १९८५ चा सामरी मात्र आपल्या कुळातला आहे. त्याच्यामागे खून आहे, फसवणूक आहे, म्हणून तो उठतो. सिक्वेल काढायची गरज पडली, गोष्ट संपलेली होती, आणि हातात काहीच नसताना या मंडळींचा हात गेला तो आजीच्या गोष्टीकडे. बाजाराने ढकललं आणि सिनेमा घरी आला.

आता त्या चेहऱ्याबद्दल. कारण लाज कुठे ठेवायची, हा प्रश्न मी उधार ठेवलाय.

सामरी झाले अनिरुद्ध अगरवाल. श्रेयनामावलीत बहुधा अजय अगरवाल असं नाव दिसतं. मूळचे डेहराडूनचे, रुडकीला सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेले. उंच धिप्पाड. पियुषिका ग्रंथीच्या गाठीमुळे त्यांच्या चेहऱ्याची आणि हातापायांची ठेवण बदलत गेली, हे त्यांनी स्वतःच मुलाखतींत सांगितलंय. ‘यांना मेकअप फारसा लागलाच नाही’ हा किस्सा रामसेंबद्दल बोलताना हसत हसत सांगितला जातो. तो जरा थांबून ऐका. एक शिकलेला माणूस, त्याला झालेला आजार, आणि त्या आजाराने दिलेला चेहरा हाच आपल्या भीतीचा माल. पृथ्वीराज कपूर मुखवटा काढून घरी गेले. या माणसाला काढायला मुखवटा नव्हता.

ही खरी जागा. सिनेमा स्वस्त आहे म्हणून लाजू नका. जगदीपच्या विनोदाला हसलात म्हणून लाजू नका. वेगळा दिसणारा माणूस म्हणजे राक्षस हे समीकरण आपण टाळ्या वाजवत स्वीकारलं, त्यात लाजण्यासारखं थोडं आहे. तसंच आंघोळीचे ते प्रसंग. गोष्टीला गरज नसताना बाईला पाण्याखाली उभं करायचं आणि मग तिच्यावर भूत सोडायचं. आधी बघायचं, मग तिला शिक्षा द्यायची. मी बाई म्हणून ते बघते तेव्हा मजा तिथे तुटते, आणि ती तुटली पाहिजे. आवडत्या सिनेमाचा हिशेब करायचा तर हेही मांडावं लागतं.

पण म्हणूनच मला दुसऱ्या भागाबद्दल माया आहे. त्यात तोच चेहरा आहे, पण या वेळी गुन्हेगार देखणे आहेत, चांगल्या कपड्यांतले आहेत, आणि ज्याला आपण सैतान म्हणालो त्याच्यावर अन्याय झालाय. पहिल्या सिनेमात राजाने जो खटला चालवला, त्यात आरोपीला बोलायची सोय नव्हती. दुसऱ्या सिनेमात त्या खटल्याचं अपील आहे. वकील अडखळतो, कागद विस्कटलेले, चष्म्यातून काही दिसत नाही. तरी अपील दाखल झालं.

आपल्या मराठीतही असं झालंय. महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ १९९३ चा, आणि दुसरा भाग २०१३ साली, तोही थ्री-डीत! मूळ कल्पना अमेरिकेतल्या बाहुल्याच्या सिनेमावरून सुचलेली, हे उघड आहे. पण रामदास पाध्यांचा तो बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज यामुळे तात्या विंचू आपला झाला. आज आपण त्याला घाबरत नाही, त्याच्यावर प्रेम करतो. दुसरा भाग पहिल्याच्या जवळपास जात नाही, पण लोक गेले ते तात्याला भेटायला. सिक्वेल म्हणजे ओळखीच्या भुताच्या घरी पुन्हा जाणं. पाहुणचार कमी झाला तरी माणूस जातोच.

तर माझं म्हणणं एवढंच. चोरट्या सुखातलं ‘चोरटं’ काढून टाका, पण प्रश्न काढू नका. सिनेमा आवडला असेल तर मोकळेपणी म्हणा, आणि मग विचारा की कुणाच्या जिवावर आवडला.

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न: मॅडम, हे सगळं छान आहे, पण रामसेंच्या डोक्यात यातलं काही होतं का? त्यांना तर चष्मे विकायचे होते.

उत्तर: अगदी खरं, काका. त्यांना चष्मेच विकायचे होते. अपील दाखल करायला कुणी बसलेलं नव्हतं. पण बघा, सुतार खुर्ची करतो ती बसण्यासाठी. लाकडातली गाठ कुठे येणार हे तो ठरवत नाही. घाईत केलेल्या खुर्चीत गाठ जास्त दिसते, कारण रंधा कमी फिरलेला असतो. मोठ्या बजेटचा सिनेमा सगळं रंधून गुळगुळीत करतो. स्वस्तात काय दडलंय ते वर येतं. मी तेवढ्यासाठी बघते.

प्रश्न: मुलांना दाखवावा का?

उत्तर: लहानांना नको, आंघोळीच्या प्रसंगांमुळे आणि रक्तामुळे. कॉलेजातल्या मुलांना दाखवा, पण आधी ‘पुराना मंदिर’, मग ‘सामरी’. क्रम उलटा केलात तर सामरी फक्त एक सूड घेणारं भूत वाटेल. आधी त्याला घाबरायला हवं. घाबरल्याशिवाय आपण कुणाला घाबरलो, हे कळत नाही.